न बोलावलेला मदतनीस

दुपारी पेढीवर फोन येतो : ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतो आहे, तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे.’ पुरावा म्हणून पलीकडचा मनुष्य विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडावयास लावतो. तेथील लाल खुणा पाहून मुनीमजी घाबरतात. वस्तुतः किरकोळ त्रुटींच्या अशा नोंदी सुस्थितीतील संगणकातही असतात. मग एनीडेस्कसारखे ॲप घ्यावयास सांगितले जाते. त्यातील क्रमांक सांगून परवानगी दिली, की पेढीच्या किल्ल्या परक्याच्या हाती जातात.

मायक्रोसॉफ्ट आपण होऊन असा फोन करीत नाही; तिच्या खऱ्या सूचनेत दूरध्वनी क्रमांकही नसतो. म्हणून वाद न घालता फोन ठेवावा.

ताबा दिला गेलाच असेल, तर प्रथम इंटरनेट तोडावे, दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवावे, लगेच १९३० वर तक्रार नोंदवावी आणि दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदलावेत. रक्कम पुढे वळण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ती रोखली जाण्याची शक्यता असते. बोलणी बसतील या भीतीने घरातील ज्येष्ठ वा दुकानातील नोकर गप्प राहिला, तर हीच वेळ हातची जाते. म्हणून फसलेल्यास रागावू नये. आधी काय घडले, ते शांतपणे ऐकून घ्यावे.