दुकान अमरावतीचं, गिऱ्हाईक रीलवरचं: छोट्या व्यावसायिकांची पोस्ट कधी चालते आणि कधी अंगलट येते?

गिला वड्यावर दही पडतंय, वरून चटणी, वरून मसाला. पंधरा सेकंदांचा व्हिडिओ, मागे जोरात वाजणारं गाणं. अमरावतीकरांना गिला वडा काय असतो हे सांगावं लागत नाही. त्यामुळे असा व्हिडिओ पाहिल्यावर त्यांचा प्रश्न एकच असतो, "हे कुठी आहे?" आणि अनेकदा नेमकं तेवढंच व्हिडिओत सांगितलेलं नसतं.

पेपरात घातलेली पत्रकं, चौकातला फ्लेक्स आणि भोंगा लावून फिरणारा ऑटो, ही अमरावती-अकोल्यातल्या छोट्या दुकानांची जुनी जाहिरात. आता तीच दुकानं मोबाईलवर गिऱ्हाईक शोधतायत. पण पोस्ट टाकणं आणि पोस्टमुळे विक्री होणं यात बरंच अंतर आहे. शिवाय या दोन शहरांनी सोशल मीडियाची दुसरी बाजूही पाहिली आहे.

रील्सचा जोर कधी वाढला?

केंद्र सरकारनं २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणलं. छोट्या शहरांतले व्हिडिओ करणारे तिकडे वळले आणि त्यांच्यामागे दुकानदारही आले. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप २०१८ पासूनच होतं. आता कामाची वाटणी साधारण अशी झाली आहे: इन्स्टाग्रामवर माल दिसतो, भाव आणि ऑर्डर व्हॉट्सॲपवर ठरते.

पोस्ट पुढे जाते ती कशामुळे?

इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये तीन गोष्टी महत्त्वाच्या असल्याचं सांगितलं होतं: लोक व्हिडिओ किती वेळ पाहतात, किती जण लाइक करतात आणि किती जण तो दुसऱ्याला पाठवतात. फॉलो न करणाऱ्या लोकांपर्यंत पोहोचायचं असेल तर त्यातलं पाठवणं जास्त मोलाचं.

आता दुकानदारांच्या नेहमीच्या पोस्ट आठवा. "दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा", खाली मालकाचा फोटो, शेजारी दुकानाचं नाव. ही पोस्ट कोण कोणाला पाठवेल?

याउलट अकोल्याचं उदाहरण घ्या. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वर मंदिरात येतात आणि शहरातली वाहतूक बदलते. त्या दिवशी एखाद्या दुकानानं "समोरचा रस्ता बंद, मागच्या गल्लीतून या, रात्री नऊपर्यंत उघडं आहे" एवढं टाकलं, तर ते घरच्या ग्रुपवर जातं. नवरात्रात अमरावतीच्या अंबादेवी-एकवीरा देवीच्या यात्रेतही तसंच.

उन्हाळ्याचंही तेच. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू करावं लागलं होतं. पारा ४५ अंशांवर गेला की दुपारी बाजारात शुकशुकाट असतो. अशा वेळी संध्याकाळची वेळ आणि घरपोच सोय सांगणारी साधी पोस्ट, चकचकीत डिझाइनपेक्षा जास्त कामाची.

म्हणजेच, लोक दुकानाची स्तुती पुढे पाठवत नाहीत. ज्याचा दुसऱ्याला उपयोग होईल किंवा जे पाहून मजा येईल, तेच पाठवतात.

वऱ्हाडी बोलायचं की पुस्तकी?

"आपल्या घरगुती उपकरणांसाठी विश्वासार्ह सेवा" ही ओळ कोणत्याही गावातल्या कोणत्याही दुकानाला चालेल, म्हणूनच ती कोणाच्या लक्षात राहत नाही. "मिक्सर मधातच बंद पडून राह्यलं का जी? आणा, पाहून घेऊ," ही ओळ वऱ्हाडातलीच आहे, हे ऐकताक्षणी कळतं.

अमरावती जिल्ह्यातून आलेले भारत गणेशपुरे यांच्यासारख्या कलाकारांमुळे ही बोली टीव्हीवरून महाराष्ट्रभर पोहोचली. पण तिथे ती मुख्यतः हसवायला वापरली गेली. दुकानदारानं तोच कित्ता गिरवला, तर खेड्यातून खरेदीला येणाऱ्या माणसाला आपलीच टिंगल होतेय असं वाटू शकतं. गिऱ्हाईकाशी काउंटरवर जसं बोलतो तसंच, "जी" लावून, बोललेलं बरं. भाव, पत्ता आणि वेळ मात्र सगळ्यांना कळेल अशा मराठीत लिहावी.

पोस्ट कायद्यात कुठे अडकते?

पहिली अडचण गाण्याची. इन्स्टाग्रामवरची बरीच लोकप्रिय गाणी खासगी वापरासाठी असतात. धंद्याच्या जाहिरातीत ती वापरली तर व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो, व्हिडिओ काढला जाऊ शकतो आणि कॉपीराइटचा दावाही होऊ शकतो. मेटाच्या 'साउंड कलेक्शन'मधलं संगीत व्यवसायाला वापरता येतं. त्याहून सोपं म्हणजे दुकानातलाच आवाज: कढईतला तळणाचा, शिलाई मशीनचा, मालकाच्या बोलण्याचा.

दुसरी अडचण दाव्यांची. "सात दिवसांत केस गळणं बंद" असं बिनपुराव्याचं लिहिलं, तर ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसंच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. स्थानिक इन्फ्लुएन्सरला पैसे किंवा फुकट माल देऊन व्हिडिओ करून घेतला असेल, तर ती जाहिरात असल्याचं स्पष्ट दिसलं पाहिजे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये तशा सूचना दिल्या आहेत.

तिसरी गोष्ट गिऱ्हाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपची. एखाद्या सदस्यानं आक्षेपार्ह काही टाकलं, तर केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. त्यात त्याचा समान हेतू दिसायला हवा, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं. तरी पोलिस ठाण्यात जाऊन हे समजावत बसण्यापेक्षा, ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग ठेवणं सोपं.

आणि इंटरनेटच बंद झालं तर?

हा प्रश्न अमरावती-अकोल्यात काल्पनिक नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातल्या घटनांवरून निघालेल्या मोर्चानंतर आणि दुसऱ्या दिवशीच्या बंददरम्यान अमरावतीत हिंसाचार झाला. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुने शहर भागात सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून वाद पेटला, त्यात एकाचा जीव गेला. तिथेही इंटरनेट थांबवण्यात आलं.

अशा वेळी ज्याचं दुकान ऑनलाइन ऑर्डरवर चालतं, त्याचा काही दोष नसताना धंदा ठप्प होतो. ऑर्डर येत नाही, यूपीआयनं पैसे येत नाहीत, आधी घेतलेल्या ऑर्डरचं काय झालं हे गिऱ्हाईकाला कळत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन खटल्यात इंटरनेटवरून व्यवसाय करण्याला राज्यघटनेचं संरक्षण असल्याचं सांगितलं आहे. बंदीचा आदेश जाहीर करणं बंधनकारक आहे आणि बंदी बेमुदत ठेवता येत नाही. पण हा अधिकार न्यायालयात कामाला येतो. बंदच्या दिवशी गल्ल्यात पैसे येण्यासाठी दुसरी तजवीज लागते.

मग दुकानदारानं हाताशी काय ठेवावं?

नियमित गिऱ्हाईकांचे नंबर, त्यांच्या परवानगीनं, एका वहीत. इंटरनेट बंद असलं तरी साधा कॉल सहसा लागतो. यूपीआय १२३पे ही सेवा मार्च २०२२ पासून इंटरनेटशिवाय पैसे पाठवण्यासाठी आहे. ती आधीच शिकून ठेवलेली बरी.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टचा उपयोग करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्यांनी दुकानाचा नंबर सेव्ह केलाय, त्यांनाच तो मेसेज पोहोचतो. म्हणून बिल देताना "नंबर सेव्ह करा जी" म्हणणं हाही मार्केटिंगचाच भाग.

पेज भाच्यानं किंवा ओळखीच्या मुलानं उघडून दिलं असेल, तर पासवर्ड आणि नोंदवलेला मोबाईल नंबर मालकाकडे हवा. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि पेज त्याच्याच फोनमध्ये राहिलं, तर नवं खातं शून्यापासून सुरू करावं लागतं.

आणि ज्या पेजवर साड्या विकायच्या आहेत, तिथे राजकारण आणि धर्मावरचे फॉरवर्ड नकोत. काउंटरवर सगळ्या मोहल्ल्यांतलं गिऱ्हाईक येतं. पेजही तसंच राहिलं पाहिजे.

बाकी, व्हिडिओ टाकण्याआधी तो एकदा अनोळखी माणसाच्या नजरेनं पाहावा. काय मिळतं, केवढ्याला मिळतं, कुठे आणि किती वाजेपर्यंत मिळतं, ही चार उत्तरं त्यात सापडली, तर "हे कुठी आहे?" असं विचारणारा माणूस संध्याकाळी दुकानासमोर उभा दिसण्याची शक्यता बरीच वाढते.