काठीच्या टोकाला हात

काय दोस्तांनो, झेला कधी हातात धरलाय का? रत्नागिरीकरांना हे विचारायलाच नको! पण घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. लांब बांबूच्या टोकाला एक कडं आणि कड्याला जाळी, हा झाला आंबे काढायचा झेला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या 'नूतन झेल्या'ला वर पातंही असतं. आंबा जाळीत घ्यायचा, हलका हिसका द्यायचा, की देठासकट आत. देठ राहिला की चीक सालीवर ओघळत नाही. आणि हापूस खाली आपटला, तर तो पेटीत भरायच्या लायकीचा राहत नाही.

खालून बघताना वाटतं, ह्यात काय मोठंसं! मग काठी आपल्या हातात येते. आंबा ढळढळीत दिसतोय, तरी जाळी कधी त्याच्या अलीकडे, कधी पलीकडे. बागेतला गडी मात्र बोलता बोलता पानांआडचा देठ गाठतो. त्याचे डोळे तुमच्यापेक्षा तीक्ष्ण असतात असं काही नाही.

१९९६ साली जपानमध्ये आत्सुशी इरिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी माकडांना छोट्या दाताळ्याने लांबचा खाऊ ओढून घ्यायला शिकवलं होतं. माकडाच्या मेंदूत काही पेशी अशा असतात, की हाताला काही शिवलं तर त्या जाग्या होतात आणि हाताजवळ काही नुसतं दिसलं तरीही. दाताळं वापरल्यावर ह्याच पेशी दाताळ्याजवळ दिसणाऱ्या वस्तूंनाही दाद देऊ लागल्या. जणू हातच लांब झाला! पण माकडाने दाताळं वापरलं नाही, नुसतं धरून ठेवलं, तर असं होईना. मला तर हाच भाग सगळ्यात आवडला.

गड्याचंही असंच काहीसं होत असावं. जवळ काय नि लांब काय, हे ठरवण्यात डोळ्यांबरोबर हाताचाही वाटा असतो. घरी करून पाहा. एक डोळा मिटा, ताईला समोर पेन आडवं धरायला सांगा आणि बाजूने झटकन टोपण लावा. हुकलं ना? आता दहादा करा आणि हुकणं कमी होतं का ते मोजा.

आणि आईबाबा, मे महिन्यात गावी गेलात की पोरांच्या हाती नुसती टोपली देऊ नका. हापूसवर शिकू द्यायला कुणाचं मन होणार नाही, कबूल. पण परसातला रायवळ आहे ना? तो आपटला तरी चोखायला चालतो!