घर आणि शाळा : फळा, खडू आणि मोबाईल



मागच्या महिन्यात एक माउली शाळेत आली. गवंड्याच्या हाताखाली कामाला जाणारी बाई, कामावरूनच आलेली. म्हणाली, "बाई, राग मानू नका. पण पोरीचं नाव काढायचं म्हणतीया. तिकडच्या शाळंत भिंतीवर टीव्हीचा फळा हाय. हितं आपला खडूच."

तिला काय सांगावे ते मला चटकन सुचले नाही. ते आज सांगते, कारण असा विचार करणारी ती एकटी आई नाही.

मी १९९६ साली नोकरीला लागले. त्यावेळी वर्गात खडू, फळा, भिंतीवरचे नकाशे आणि एक पृथ्वीगोल, एवढेच साहित्य. पुढे एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम आला. मी शाळा सुटल्यावर एस.टी.ने तालुक्याला जाऊन तो शिकले, परीक्षा पास झाले. पण आमच्या शाळेत संगणकच नव्हता. सराव नाही म्हटल्यावर शिकलेले वर्षभरात विसरले.

नंतर गावाने वर्गणी काढून शाळेला मोठा टीव्ही घेतला. उद्घाटनाला नारळ फुटला, फोटो निघाले. दोन वर्षांत इन्व्हर्टरची बॅटरी गेली. मग विजेचे बिल थकले आणि वीजच तोडली. टीव्ही कितीतरी दिवस चादरीखाली होता. वस्तू एकदा येते, तिचा खर्च मात्र दर महिन्याला येतो, हे त्या वर्गणीच्या वेळी कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. माझ्याही नाही.

हिशेब करून पाहा. समग्र शिक्षा योजनेच्या नियमाप्रमाणे ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त अनुदान धरलेले आहे. म्हणजे महिन्याला साधारण ८३३ रुपये. ३० च्या वर १०० पर्यंत पट असेल तर २५,०००. यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर गेला पाहिजे. उरलेल्यात खडू, दुरुस्ती, पाणी, वीज. आता बॅटरी कशातून आणायची?

पण सगळा दोष पैशावर टाकला तर ते खोटे होईल. मोबाईलवर पाठ उघडायचा म्हटले की मला घाम फुटायचा. पुस्तकावरचा क्यूआर कोड कसा धरायचा ते मला पाचवीतल्या एका मुलीने दाखवले. "बाई, हलवू नका, जरा लांब धरा." सगळा वर्ग हसला. पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मीच तिला विचारले, "पुढं काय दाबायचं?" शिकवणाऱ्याने शिकायची लाज धरली, तर मुलांनी कोणाकडे पाहायचे?

आपल्या भागातलीच उदाहरणे घ्या. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे ते बालभारतीच्या पुस्तकांवरही आले. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात विजयनगरच्या शाळेचे बालाजी जाधव गुरुजी यांनी टाळेबंदीत साध्या फोनवर कॉन्फरन्स कॉल लावून मुलांना गोष्टी सांगितल्या, कारण घरोघरी महागडा मोबाईल नव्हता. आणि सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये उलटेच केले. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद आणि मुले अभ्यासाला.

कोणी यंत्र वापरले, कोणी ते बंद ठेवले. तिघांनीही आधी मुलाची गरज पाहिली.

साताऱ्याच्या हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले. आज ते प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखले जाते आणि २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या मुलाला वर्गात वेगळे बसावे लागे, पाण्याला हात लावता येत नसे. आपल्या मुलांना आज दार उघडे आहे. पण आत गेल्यावर त्यांना अर्धेमुर्धे शिक्षण मिळाले, तर ते आपण मुकाट्याने पाहायचे का?

म्हणून आई-वडिलांनो, एवढे करा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि दुर्बल व वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. ती जागा रिकामी सोडू नका. नुसत्या सहीपुरतेही जाऊ नका. अनुदान किती आले, कशावर गेले, विजेचे बिल भरले का, हे विचारा. अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे समितीचे कामच आहे. एक दिवसाची मजुरी बुडते हे मला ठाऊक आहे, म्हणून बैठक संध्याकाळी घ्या असा आग्रह धरा.

आणि टीव्हीचा फळा पाहून शाळा बदलायची असेल, तर आधी तिथे विचारा : तो आठवड्यात किती तास चालतो? मूल नुसते बघते की स्वतः काही करते? घरी आल्यावर मुलाला पुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचायला लावा. शाळा कशी आहे ते तेवढ्यात कळेल.

त्या माउलीने पोरीला माझ्यासमोर पान वाचायला लावले. पोरीने न अडखळता वाचले. आईला अक्षरओळख नाही, पण ती कान देऊन ऐकत होती. "दिवाळीपर्यंत थांबते," म्हणाली. समितीच्या पुढच्या बैठकीला मी तिला बोलावले आहे. विजेच्या बिलाचा विषय त्या दिवशी पहिला आहे.