सात पूर्णांक काहीतरी

गेल्या सेमिस्टरला आमच्या एका ग्रुपचा पेपर चार दिवसांत छापून आला. सोमवारी पाठवला, बुधवारी स्वीकारल्याचा मेल आला, गुरुवारी सगळ्यांनी वर्गणी काढून पैसे भरले आणि शुक्रवारी मेसमध्ये सर्टिफिकेटं फिरली. जर्नलच्या नावात 'इंटरनॅशनल' होतं आणि खाली लिहिलेलं, इम्पॅक्ट फॅक्टर : सात पूर्णांक काहीतरी. "सात म्हणजे किती चांगलं?" असं एकीने विचारलं. कोणालाच सांगता येईना. शेवटी एकजण म्हणाला, "सीजीपीएसारखं असेल गं, दहापैकी सात." सगळ्यांना पटलं. मलासुद्धा!

नंतर लायब्ररीत बसून शोधलं तेव्हा कळलं की दहापैकी वगैरे काही नसतं. हिशोब अगदी साधा आहे. समजा एका जर्नलने २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून १०० लेख छापले, आणि २०२४ मध्ये जगभरातल्या इतर लेखांनी त्यांचा ४० वेळा संदर्भ दिला. ४० भागिले १००, म्हणजे २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर ०.४. झालं. वरची मर्यादा नाही. कॅन्सरवरच्या एका अमेरिकन जर्नलचा आकडा काही वर्षं शेकड्यांत होता. आणि हा आकडा अधिकृतपणे देते ती क्लॅरिव्हेट नावाची एकच कंपनी. त्यामुळे चार दिवसांत पेपर छापणाऱ्यांचा सात कुठून आला हे तुम्हीच समजून घ्या.

ही कल्पना ज्याची, त्या यूजीन गारफिल्डचा हेतू चांगला होता. १९५५ मध्ये 'सायन्स'मध्ये त्याने लेख लिहिला की कोणत्या लेखाने कोणत्या लेखाचा आधार घेतला याची सूची केली तर एखाद्या विचाराचा माग काढता येईल. पुढे याच आकड्यांवरून आपल्या सूचीत कोणती जर्नल्स घ्यावीत हे तो ठरवू लागला आणि ग्रंथपालांनाही ते सोयीचं झालं. १९७५ पासून दरवर्षी अहवाल निघू लागला. म्हणजे हे माप जर्नल निवडायला केलं होतं. माणसं मोजायला ते आपण वापरलं.

आता मी हे सगळं का सांगतेय? कारण मी सातपाटीची आहे, आणि या आकड्याचा संबंध आमच्या पापलेटाशी येतो. हसू नका.

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झालं. गावात आनंद होता, कारण पापलेट म्हटलं की सातपाटी हे मुंबईच्या बाजारालाही माहीत आहे. त्याच सुमारास बाबांनी मला विचारलं, "आपल्या माशाचं नाव बदललं म्हणे. खरं का गं?" बाबांचं वाचन म्हणजे पेपर आणि सोसायटीचा बोर्ड, हे त्यांना कुठून कळलं देव जाणे. पण खरं होतं! पापलेटाचं शास्त्रीय नाव पुस्तकात 'पॅम्पस अर्जेंटियस' असं असायचं. ते नाव युफ्रासेनने १७८८ मध्ये दिलेलं. कोचीच्या शास्त्रज्ञांनी अवयवांची मापं आणि डीएनए दोन्ही तपासून दाखवलं की आपल्या समुद्रातलं पापलेट ही वेगळीच जात आहे, आणि क्युव्हिएने १८२९ मध्ये दिलेलं, नंतर मागे पडलेलं 'पॅम्पस कॅंडिडस' हे नाव तिला परत द्यायला हवं. हा लेख २०१९ मध्ये 'झूऑलॉजिकल स्टडीज'मध्ये आला. हे तैवानच्या ॲकॅडेमिया सिनिकाचं प्राणिशास्त्राचं जर्नल. फुकट वाचायला मिळतं. मी पूर्ण वाचलं असं म्हणणार नाही, पण आकृत्या तरी सगळ्या पाहिल्या.

बाबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं. मग जाळ्याचा आस केवढा ठेवायचा ते लिहिलंय का त्यात?"

नव्हतं लिहिलेलं. त्या लेखाचं ते कामच नव्हतं, आणि त्यात त्याचा दोषही नाही. पण बाबांचा प्रश्न डोक्यातून जाईना. कारण गावाचं दुखणं तेच आहे. डोल जाळ्यांत आणि ट्रॉलरच्या जाळ्यांत, जिथे आस बारीक असतो तिथे, पापलेटची पिल्लं सापडतात. तळहाताएवढी सुद्धा नसतात. ती एकदाही अंडी न घालता बाजारात जातात. मोठं पापलेट वजनाच्या नंबराप्रमाणे विकलं जातं आणि त्यावर आमची वर्षं चालतात. पिल्लू टोपलीच्या भावाने जातं. पुढच्या वर्षीचं पापलेट कुठून येणार?

तर मासा किती लांबीचा झाल्यावर पकडावा, हे कुठे लिहिलंय? शोधलं तर सापडलं. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने, २०१४ मध्ये केरळच्या ५८ जातींसाठी किमान लांबी सुचवली. केरळने २०१५ मध्ये १४ जातींपासून सुरुवात करून पुढे यादी ५८ वर नेली. महाराष्ट्रानेही याच संस्थेच्या सल्ल्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली, त्यात पापलेट आहे. आता गंमत बघा. केरळची ती शिफारस छापून आली कुठे? 'मरीन फिशरीज इन्फर्मेशन सर्व्हिस' नावाच्या, संस्थेच्याच माहितीपत्रिकेत. १९७८ पासून निघते. तिला इम्पॅक्ट फॅक्टरच नाही! शून्य नव्हे. नाहीच.

म्हणजे ज्या कागदामुळे सरकारने नियम केला, बोटी अडवल्या जाऊ शकतात, लाखो माणसांच्या ताटातल्या माशाचा आकार ठरतो, त्या कागदाचा 'इम्पॅक्ट' मोजायच्या मापात तो कागद दिसतच नाही. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये सर सांगायचे की आधी इन्स्ट्रुमेंटचा लीस्ट काउंट बघा, मग रीडिंग घ्या. इथे लीस्ट काउंट कोणी बघितलाच नाही.

माशांच्या शास्त्राला हे माप का बसत नाही याची कारणं आहेत. एक म्हणजे दोन वर्षांची खिडकी. 'इंडियन जर्नल ऑफ फिशरीज' हे आपलं जुनं जर्नल, १९५४ पासून निघतंय. त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर एकाच्या आतच असतो. त्यात १९६३ मध्ये कुथलिंगम यांचा बंगालच्या उपसागरातल्या पापलेटवर लेख आला होता : मासेमारी, वाढ, खाणं, अंडी. आजही पापलेटवर लिहिणारे त्याच्यापर्यंत जातात. कारण तेव्हा मासा किती लांबीचा सापडत होता हे नव्याने मोजता येत नाही, तो समुद्र गेला. साठ वर्षांनी दिलेला हा संदर्भ इम्पॅक्ट फॅक्टरच्या हिशोबात धरलाच जात नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सिग्नल साठ वर्षांचा आणि सॅम्पलिंग विंडो दोन वर्षांची. असं रीडिंग लॅबमध्ये दाखवलं तर जर्नलवर (आपल्या प्रॅक्टिकलच्या हो!) लाल शाई येईल.

आणि नाव बदलल्याचा घोळ वेगळाच. आतापर्यंतचे आपल्याकडचे बहुतेक लेख 'अर्जेंटियस' या नावाखाली आहेत. उद्या एखादा नवा विद्यार्थी 'कॅंडिडस' टाकून शोधेल तर त्याला ते दिसणार नाहीत. त्याला वाटेल, यावर काही कामच झालेलं नाही.

ही अडचण फक्त आपली नाही. 'झूटॅक्सा' हे २००१ मध्ये सुरू झालेलं प्राणिवर्गीकरणाचं जर्नल. जगात नव्याने नोंदवल्या जाणाऱ्या प्राण्यांचा फार मोठा हिस्सा त्यातच छापला जातो. २०२० मध्ये क्लॅरिव्हेटने त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर रोखला. आरोप काय, तर तुम्ही स्वतःचेच संदर्भ जास्त देता. अहो, पण नवा खेकडा नोंदवायचा तर आधीच्या सगळ्या जवळच्या खेकड्यांचे लेख सांगावे लागतात, आणि ते लेख त्याच जर्नलमध्ये असतील तर माणसाने करायचं काय? जगभरच्या शास्त्रज्ञांनी आरडाओरडा केला आणि काही आठवड्यांत निर्णय मागे घेतला गेला. झूटॅक्सा मोठं म्हणून वाचलं. आपल्या छोट्या पत्रिकांसाठी कोण ओरडणार?

कोणी म्हणेल, आकड्याला एवढं काय घाबरायचं. पण पगार आणि बढती आकड्याला बांधली की त्याचा त्रास होतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकांसाठी तक्ता आहे. इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या जर्नलमधल्या पेपरला ५ गुण, एकाच्या आत असेल तर १०, एक ते दोन असेल तर १५, असं करत दहाच्या वर ३०. या हिशोबाने पापलेटवरचा चांगला लेख आपल्या मासेमारीच्या जर्नलमध्ये दिला तर १० गुण, आणि तोच माणूस दुसऱ्या एखाद्या 'चालणाऱ्या' विषयावर परदेशी जर्नलमध्ये लिहील तर २० किंवा २५. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. म्हणून मी आपल्या सरांना-मॅडमना दोष देत नाहीये, हे स्टाफरूममध्ये हा अंक वाचला जातो म्हणून मुद्दाम लिहिते.

विषयसुद्धा यामुळे बदलतात असं मला वाटतं. जुने अंक चाळले तर माशाची लांबी, वय, पोटात काय सापडलं, अंडी कोणत्या महिन्यात, असे लेख भरलेले असतात. आता डीएनए, मायक्रोप्लास्टिक, हवामानबदलाची मॉडेल्स. ही कामं हवीतच. पण रोज बंदरावर जाऊन मासे मोजायचं कंटाळवाणं काम कोण करणार? लहानपणी आमच्या बंदरावर पट्टी घेऊन मासे मोजणारे एक साहेब यायचे. आजी म्हणायची, "हा काय शिंपी आहे का, माशाला झबलं शिवायचंय?" आम्ही हसायचो. आज कळतं की किमान लांबीचा नियम अशाच पट्टीतून येतो. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. पुढे कधी इथे आधी किती मासा होता असा प्रश्न निघेल तेव्हा उत्तर या वह्यांतच शोधावं लागेल.

आता आपल्याकडे येते. दोन वर्षांपूर्वीच्या एका सीनियर ग्रुपचा प्रोजेक्ट बोटीतल्या बर्फावर होता. खणाला आतून कोणतं इन्सुलेशन लावलं तर बर्फ किती तास टिकतो. काम चांगलं होतं, खरोखर बोटीवर जाऊन थर्मोकपल लावले होते. पेपर झाला, सर्टिफिकेट आलं, रिपोर्ट काळ्या बाइंडिंगमध्ये कपाटात गेला. ज्या नाखव्याने बोट दिली तो आमच्या आळीतला. मी विचारलं तर म्हणाला, "पोरं चांगली होती. चहा पिऊन गेली. पुढे काय निघालं ते कोणी सांगितलं नाही." इंजिनिअरिंगमध्ये याहून वाईट शेरा मी ऐकलेला नाही.

सीएमएफआरआयची ती माहितीपत्रिका इंग्रजीबरोबर हिंदीतही निघत आली आहे. मग आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टला मराठीत एक पान जोडायला काय हरकत आहे? ज्याच्या बोटीवर, शेतात किंवा तारापूरच्या कारखान्यात रीडिंग घेतलं त्याच्यासाठी : काय मोजलं, काय निघालं, त्याने काय करून बघावं. त्याला मार्क द्या. पाच द्या, पण द्या. पेपर छापलाच पाहिजे ही अट पैसे घेऊन छापणाऱ्यांना पोसते, आणि ते पैसे आपल्या घरून येतात.

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी कसं आहे ते तुम्ही आतापर्यंत ओळखलं असेलच. तरी सुट्टीत सीनियर्सच्या रिपोर्टचं एक पान मी मराठीत करून पाहिलं. 'थर्मल कंडक्टिव्हिटी'पाशी अडले. पुस्तकातला शब्द 'उष्णता वाहकता' लिहिला, तर नाखवा म्हणाला, "हे काढ. बर्फ किती वेळ राहतो तेवढं ठेव, आणि फोमची जाडी इंचात लिही. सेंटिमीटर कोण मोजतो?" तसं केलं. पान अर्धं झालं. त्याने ते घडी घालून केबिनमध्ये कॅलेंडरच्या मागे ठेवलं, आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात गेल्यावर एका खणाला लावून बघतो म्हणाला.