व्हिटॅमिनच तर आहे!

"व्हिटॅमिनच तर आहे रे, जास्त झालं तर निघून जातं." हे वाक्य ऐकलं की हल्ली माझं डोकं सटकतं.

आमच्या टीममधल्या एका मित्राचं व्हिटॅमिन डी कमी आलं. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी लिहून दिली. आठवड्याला एक, आठ आठवडे. साहेबांनी चिठ्ठी न वाचता रोज एक सुरू केली आणि मेडिकलवाला त्याच जुन्या चिठ्ठीवर देत राहिला. अडीच महिन्यांनी मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखी लघवी. आम्ही कॅन्टीनला शिव्या घातल्या. निघालं काय, तर रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं! चार दिवस सलाईनवर काढले पठ्ठ्याने. किडनी वाचली हे नशीब.

आता 'निघून जातं'चा हिशोब बघा. बी आणि सी पाण्यात विरघळतात, जास्तीचं बरंचसं लघवीवाटे जातं. (तिथेही बी-६ चे मोठे डोस महिनोन्‌महिने घेतले तर नसांना इजा होते.) पण ए, डी, ई, के चरबीत विरघळतात, त्यातलं डी शरीरात साठत जातं. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे डीची रोजची गरज ६०० युनिट. म्हणजे एक पुडी = १०० दिवसांचा कोटा. कमतरता असताना तो डोस बरोबरच आहे, पण कोर्सला शेवट असतो, राव!

बी-१२ चं वेगळंच. ते कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं, तर हिमोग्लोबिन सुधारतं आणि नसांचं नुकसान गुपचूप चालू राहतं. डायबेटिससाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या किती बाबांना माहीत आहे, की त्याने बी-१२ कमी होऊ शकतं? आणि केस गळतात म्हणून आपण बायोटिन खातो, त्याने थायरॉईडची टेस्टसुद्धा चुकू शकते. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्येच बायोटिनमुळे रक्ताच्या टेस्ट चुकतात असा इशारा दिलाय.

"डॉक्टर तरी कुठे नीट सांगतात?" मान्य. दोन मिनिटांत पेशंट बाहेर काढणाऱ्यांचीही चूक आहेच. पण प्रॉडक्शनवर एक ओळ बदलायला तीन अप्रूव्हल घेणारे आपण, स्वतःच्या शरीरात मित्राच्या चिठ्ठीवरून काहीही टाकतो?

चारच प्रश्न विचारा: किती, कधीपर्यंत, परत टेस्ट कधी आणि माझ्या चालू गोळ्यांबरोबर चालेल का? मुतखडा किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा.

असो. आता उठा आणि घरातल्या पुड्या मोजा.