ऊब आणि ओल

आमच्या रोह्याच्या घरी न्हाणीत एक तांब्याचा बंब होता. नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याच्या धुराने डोळे चुरचुरले की दिवाळी आली असे आम्ही समजत असू. आता नोकरीनिमित्त पेणला भाड्याच्या घरात राहतो आणि पाणी गिझरवर तापवतो. गेल्या वर्षी ऐन पहिल्या आंघोळीला या गिझरने मान टाकली. तेल-उटणे लावून बसलेला मी, आणि नळाला बर्फासारखे पाणी! शेवटी सौ.ने गॅसवर पातेली चढवली आणि घरात कसेबसे अभ्यंगस्नान पार पडले.

गिझर घरमालकांचा, तेव्हा दुरुस्तीही त्यांचीच, असा माझा सरळ हिशेब. घरमालक काकांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाले, "बघू."

त्याच दुपारी लंडनहून पुतण्याचा फोन आला. त्याला ही कथा सांगितली तर तो हसू लागला. "काका, इथे 'बघू' चालत नाही. कायदाच आहे!" तो खरेच आहे. इंग्लंडात १९८५च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या ११व्या कलमाप्रमाणे, थोड्या मुदतीच्या भाडेपट्ट्यात घर ऊबदार ठेवण्याची आणि पाणी तापवण्याची यंत्रणा चालू स्थितीत राखणे हे मालकावर बंधनकारक आहे. न्यूयॉर्क शहर तर थर्मामीटर घेऊनच बसलेले. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात, दिवसा बाहेरचा पारा ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेला की आत किमान ६८ अंश ऊब मालकाने द्यायची. रात्री किमान ६२.

मी हे कौतुकाने सांगितले. सौ. फराळाचे ताट पुढे करीत म्हणाली, "त्यांचा वैरी थंडी, म्हणून त्यांचा कायदा उबेचा. आपला वैरी कोण?"

उत्तर डोक्यावरच होते. पेण-रोह्याकडे थंडीला एक शाल पुरते. पण मृग लागला की चार महिने लढाई ओलीशी. भिंतीला ओल, गादीला ओल, पुस्तकांना बुरशी. म्हणून पूर्वी वैशाखात घरे शाकारली जात. माणूस छपरावर चढे, फुटकी कौले काढी, वानरांनी सरकवलेली नीट बसवी, पन्हळी साफ करी. साहेबाच्या देशात जे बॉयलरचे स्थान, ते आमच्याकडे कौलांचे.

मग आपला कायदा काय म्हणतो? शेजारच्या वकिलांकडून मी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मागून आणला. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याचे १४वे कलम सांगते की, उलट करार नसेल तर जागा चांगल्या, राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. त्याने हयगय केली तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी. त्यानंतर वाजवी वेळेतही काम न झाल्यास स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. २९व्या कलमाने पाणी, वीज, जिन्यातला दिवा अशा गरजेच्या सोयी सबळ कारणाशिवाय तोडायलाही मालकाला मनाई आहे.

जूनमध्ये माझ्या लिहिण्याच्या टेबलावर गळती लागली, तेव्हा हे पुस्तक काखोटीला मारून मी काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला.

"प्रोफेसर, पुस्तकाची आधीची पानेही वाचा. १९४७च्या कायद्याने काय केले? जी जागा १ सप्टेंबर १९४० रोजी भाड्याने होती, तिचे त्या दिवसाचे भाडे तेच प्रमाण भाडे! ही तरतूद आता वाजवी राहिली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला १९९७ साली म्हणावे लागले. आता म्हणे वर्षाला ४ टक्के वाढवा. जुन्या भाड्यावरच्या ४ टक्क्यांत किती कौले येतात?"

मी निरुत्तर झालो. तरी माझे भाडे जुने नाही, हे काका सोयीने विसरले होते. "पाऊस ओसरू दे, बघू," असे म्हणून त्यांनी मला चहा पाजला.

आता खरी गोष्ट सांगतो. ती सांगताना लाज वाटते.

आषाढात रोह्याहून फोन आला. वाडवडिलांच्या त्या घराचा अर्धा भाग वर्षानुवर्षे एका कुटुंबाकडे भाड्याने आहे. आता तिथे मूळ भाडेकरूचा मुलगा राहतो. भाडे महिना ४०० रुपये. "सर, ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात सरकलेली कौले आपण तात्पुरती बसवली होती ना, तिथेच गळतंय. बाळाचा पाळणा तीनदा हलवला."

मी म्हणालो, "पाऊस ओसरू दे, बघू."

फोन ठेवला आणि पाहतो तो सौ. माझ्याकडे रोखून पाहत होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

येत्या रविवारी गाडी धरून रोह्याला गेलो. पाळणा माजघराच्या दारात अडकवला होता, आणि तो आधी होता तिथे पितळी पातेले. टप्, टप्. त्या मुलाची आई "चहा घ्या" म्हणत होती. कुणी तक्रार केली नाही. मी मनातल्या मनात १४व्या कलमाचा हिशेब मांडला. वर्षाचे भाडे ४८००. चौथा हिस्सा १२००. एवढ्यात तो बिचारा कायद्याने काय शाकारणार? कायद्याने त्याच्या हाती नोटीस दिली होती. पण छपराची चावी माझ्याच खिशात होती.

त्या दिवशी ताडपत्री बांधली. दसऱ्यानंतर वासे तपासून कौले बदलली. खर्च माझ्या महिन्याभराच्या पगाराला भिडला, हे खोटे कशाला सांगू? भाडे थोडे वाढवण्याचेही आम्ही बसून, मोकळेपणी ठरवले. आणि दर चैत्रात घराची दुरुस्ती कळवणारी चिठ्ठी त्याने मला लेखी पाठवायची, असेही ठरले. तोंडी बोलणे घरोब्यात विरून जाते. मीच त्याचा दाखला. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्यांनी तर दुरुस्ती कोणी करायची ते करारातच लिहून घ्यावे. ते भाडेकरू नव्हेत, तेव्हा १४व्या कलमाचा आधार त्यांनी गृहीत धरू नये.

पेणच्या काकांना मीही परवा तशीच एक चिठ्ठी दिली : गिझर आणि छप्पर, दोन ओळी, खाली सही. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली, आणि या वेळी "बघू" म्हणाले नाहीत. "तारीख घातलीत का?" एवढेच विचारले.

घातली आहे. तरी यंदाच्या पहिल्या आंघोळीसाठी सौ.ने मोठे पातेले घासून ठेवले आहे.