पहाटेचे चार आणि प्रतोदसाहेब

शनिवारची रात्र. कॉलेज रोडवर पोटभर चरून आम्ही रूमवर आलो होतो. 'एकच एपिसोड बघू आणि झोपू,' असं रूममेट म्हणाली, म्हणून मी 'स्टेट ऑफ प्ले' लावली. बीबीसीची २००३ ची मालिका, एकूण सहा भाग. सहावा संपला तेव्हा पहाटेचे चार वाजले होते! रूममेट अंबडच्या एका कंपनीत एचआरला. राजकारणाचं नाव काढलं की चॅनेल बदलणारी. तीच आता डोळे चोळत विचारत होती, 'अशा अजून आहेत का गं?'

आहेत ना! पण प्रश्न असा की सूटबूट घालून, हळू आवाजात एकमेकांचा काटा काढणारी ही ब्रिटिश मंडळी आपल्याला एवढी का खिळवून ठेवतात?

एक तर त्यांचं राजकारण आपल्याला कळतं. आपली संसदीय पद्धत तिथूनच आली. बहुमताची बेरीज, नाराज आमदार, पक्षादेश, सगळं ओळखीचं. 'हाउस ऑफ कार्ड्स'च घ्या. केविन स्पेसीची अमेरिकन नव्हे, बीबीसीची १९९० ची ओरिजिनल. फक्त चार भाग. त्यातला फ्रान्सिस अर्कर्ट हा सत्ताधारी पक्षाचा मुख्य प्रतोद. कोणाचं लफडं कुठे आणि कोणाची दुखरी नस कुठली, सगळं त्याला पाठ. कबूल केलेलं मंत्रिपद मिळत नाही आणि गडी शांतपणे आपल्याच पंतप्रधानाला खाली खेचायला निघतो. मध्येच कॅमेऱ्यात बघून आपल्याशी गप्पा मारतो. आणि गंमत म्हणजे, आपण चक्क त्याच्या बाजूचे होऊन जातो!

आता 'प्रतोद' म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. शाळेत नागरिकशास्त्राच्या पेपरात ऑप्शनला टाकलेला हा शब्द २०२२ मध्ये घराघरात पोचला. शिवसेनेचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले आणि खरा प्रतोद कोणाचा, हा वाद सुप्रीम कोर्टात. ११ मे २०२३ ला कोर्टाने सांगितलं, प्रतोद राजकीय पक्षाने नेमायचा, विधिमंडळ पक्षाने नाही. टपरीवर कटिंग मारता मारता लोक यावर भांडत होते, बॉस! आणि २३ नोव्हेंबर २०१९ चा पहाटेचा शपथविधी? एखाद्या लेखकाने तो स्क्रिप्टमध्ये लिहिला असता तर 'जरा जास्तच होतंय' म्हणून परत आला असता. आपलं नाशिकही काही कमी नाही. २०१२ मध्ये महापालिकेत मनसेचे ४० नगरसेवक निवडून आले, २०१७ मध्ये उरले ५. महापौर निवडणूक आली की नगरसेवक 'सहलीला' जातात, हे तर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत.

मग एवढा थ्रिल फुकटात मिळत असताना मालिका कशाला बघायच्या? कारण बातमीत आपल्याला सहलीची बस दिसते. त्या बसमध्ये कोणी कोणाला काय सांगून चढवलं, ते दिसत नाही. या मालिका थेट त्या बंद खोलीत नेऊन बसवतात.

आणि त्या खोलीच्या दाराशी नेहमी एक पत्रकार उभा असतो. माझ्या पोटात गोळा येतो तो इथे. 'स्टेट ऑफ प्ले'मध्ये रिपोर्टर कॅल ज्या खासदाराच्या मागे लागतो तो त्याचा जुना मित्र. मैत्री की बातमी? 'हाउस ऑफ कार्ड्स'मधल्या मॅटीला अर्कर्ट एकेक टिप देत जातो. तिला वाटतं आपण स्कूप मारतोय. प्रत्यक्षात ती त्याचं काम करत असते. पुढे तिचं काय होतं ते सांगत नाही, स्वतः बघा.

मीही मॅटी झाले आहे. नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झाले होते. एका स्थानिक नेत्याने टेंडरची कागदपत्रं हातात दिली. 'ताई, तुमच्यासारख्या निर्भीड पत्रकारालाच देतोय हं!' मी हवेत! पहिल्या पानावर बातमी, वर माझं नाव. आईने कात्रण लॅमिनेट करून ठेवलं. कागद खरे होते, बातमीही खरी होती. पंधरा दिवसांनी कळलं की बातमीतला माणूस एका समितीच्या सभापतिपदाच्या शर्यतीत होता. तो बाद झाला आणि पद मिळालं मला कागद देणाऱ्याला. 'हे मला आजच का देताय?' एवढा एक प्रश्न मी विचारला नव्हता. ते कात्रण अजून घरी आहे. मी त्याच्याकडे बघत नाही.

म्हणून 'सिंहासन' मला दर वेळी जास्त टोचतो. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा, जब्बार पटेलांचा १९७९ चा सिनेमा. आपल्याकडे हे सगळं अर्कर्टच्या अकरा वर्षं आधी होऊन गेलंय! मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेले अर्थमंत्री डॉ. लागू आणि सगळं बघणारा, सगळं कळणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. लहानपणी वाटायचं, हा का हसतोय? आता कळतं.

तर या वीकेंडला एक ब्रिटिश आणि एक मराठी, अशी जोडी लावा. फक्त दुसऱ्या दिवशी ऑफिस नाही ना, ते बघून घ्या.

आणि हो, साइड इफेक्ट्स असतात. सोमवारी रूममेटच्या ऑफिस ग्रुपवर कोणीतरी बॉसबद्दलचा एक चटपटीत स्क्रीनशॉट टाकला. एरवी तिने दोन मिनिटांत चार जणींना फॉरवर्ड केला असता. या वेळी फोन खाली ठेवून म्हणाली, 'थांब. हा कोणी टाकला? आणि अप्रेझलच्या आठवड्यातच का टाकला?'